दमेकऱ्याच्या छातीतील कफ

(मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



मृग लागला की आपल्या हैदराबादेत नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दमेकऱ्यांची रीघ लागते. लहानशा जिवंत मरळ माशाच्या तोंडात ठेवलेले औषध माशासह गिळण्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. या उपायाचा गुण शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेला नाही. तरीही त्या रांगेची थट्टा करणे आम्हांस कधी जमले नाही. उशी कवटाळून, बसल्या बसल्या ज्याने रात्री काढल्या आहेत, त्यालाच ती रांग समजते.

त्या रांगेतील कोणीही सांगेल, “छातीत कफ दाटतो.” ते खरेच आहे. परंतु कफ हा मुळात वैरी नव्हे. निरोगी श्वासनलिकेवर त्याचा पातळ थर असतो. धूळ, परागकण व जंतू त्यात अडकतात, आणि अस्तरावरील सूक्ष्म केस तो थर अखंड घशाकडे लोटीत राहतात. आपण तो नकळत गिळून टाकतो.

दम्यात या अस्तराचा दाह होतो. दाहातून निघणाऱ्या इंटरल्युकिन-१३ सारख्या द्रव्यांमुळे कफ स्रवणाऱ्या चषकपेशी वाढतात व म्युसिन नावाची प्रथिने अधिक प्रमाणात सोडू लागतात. सुजलेल्या अस्तरातून पाझरणारा रक्तद्रव त्यात मिसळतो. मग कफ डिंकासारखा चिवट होतो, केसांना तो हलवेना, आणि बारीक नलिकांत त्याची बुचे बसतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १४६ दमेकऱ्यांच्या फुफ्फुसांचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा ५८ टक्के रुग्णांत अशी बुचे दिसली. बेडका पडत नाही म्हणून छाती मोकळी आहे, असे समजणे म्हणूनच धोक्याचे.

एका रात्री आम्हांस एका परिचित गृहस्थांकडे बोलावणे आले. “आता घरघर थांबली आहे, झोप लागेलसे वाटते,” असे घरच्यांनी दारातच सांगितले. आम्ही नळी छातीला लावली, तो आत काहीच ऐकू येईना. घरघर थांबली होती, कारण हवाच पुरेशी आत जात नव्हती! तत्काळ रुग्णालय गाठले, प्राणवायू दिला, म्हणून ते वाचले.

सवय लागेल या भीतीने त्यांनी रोजचा स्टेरॉइडचा पंप सोडला होता, आणि धाप लागली की साल्ब्युटामॉलचा तेवढा ओढीत. साल्ब्युटामॉल नलिकेचे आवळलेले स्नायू सैल करते; दाह त्याने शमत नाही, बसलेली बुचेही निघत नाहीत. दाह शमवून कफाची वाढ रोखायची, तर १९७२ पासून वापरात असलेले बेक्लोमेथासोन किंवा त्याच जातीचे औषध नियमितपणे हुंगावे लागते. पोटात घ्यावयाच्या गोळीच्या मानाने त्याची मात्रा अगदी अल्प असते. औषध घेऊन झाल्यावर चूळ मात्र भरावी.

त्या गृहस्थांनी पंप पुन्हा सुरू केला आहे. पाहुणे आले की तो अजूनही उशीखाली जातो, अशी त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे.