रुग्णशय्येवरील विद्यार्थी



आजारी बालकाच्या औषधोपचारासाठी आपला समाज सदैव धावून येतो; त्याच्या बुडालेल्या अभ्यासाची विचारपूस मात्र क्वचितच होते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांनाही दिव्यांगत्वात स्थान दिले. पण त्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती घटलेले मूल मात्र महिनोन्‌महिने वर्गाला अंतरते. पुण्यात उपचारांसाठी मुक्कामी आलेल्या अशा बालकांना आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी, डॉक्टरांच्या संमतीने, आठवड्यातून दोन तास द्यावेत. काय शिकवायचे ते त्यांच्या शाळेला विचारावे. औषधदानाला ज्ञानदानाची जोड मिळाली, तर बरे झालेले मूल आपल्या सवंगड्यांच्याच वर्गात परतेल.

जय जिनेंद्र!