आपण बहात्तरची मुलं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘तू सध्या काय करतेस ते सांग’. मी केंद्रप्रमुख आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकांचं आणि अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण घेते. मूल शाळेत येण्याआधी त्याच्या घरात आणि त्याच्या शरीरात काय घडलेलं असतं, आणि त्याचा शिकण्यावर काय परिणाम होतो, हा त्यातला माझा भाग. ऐकायला रुक्ष वाटेल, पण या विषयाचा पहिला धडा आपल्याच हजेरीपटात आहे.

आपल्या जन्मतारखा आठवा. दाखल्यावरची १ जून सोडून द्या, ती गुरुजींची कृपा! खऱ्या तारखा १९७१ ते १९७३ मधल्या. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात आपण कुणी आईच्या पोटात होतो, कुणी मांडीवर. आपल्या आया दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. खायला लाल मिलो आणि सुकडी. माझी आई दिवस भरत आले तरी कामावर जात होती, आणि सव्वा महिना झाल्यावर मला झोळीत टाकून पुन्हा तिथंच गेली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हीच गोष्ट आहे.

गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या काळाला ‘पहिले हजार दिवस’ म्हणतात. पोटातले २७० आणि बाहेरचे ७३०. मेंदूची वाढ या काळात जेवढ्या वेगानं होते तेवढी पुढं कधीच होत नाही. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळ लोहाचा साठा कमी घेऊन जन्मतं. लोह कमी पडलं की लक्ष टिकत नाही, मूल लवकर थकतं. वारंवार जुलाब झाले तर पोटात गेलेलं अन्नही अंगी लागत नाही. असं मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसतं तेव्हा फक्त उंचीनं कमी दिसतं. बाकीचं डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या वर्गात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा होता. नाव घेत नाही. तो आज इथं नाही. त्याच्या कानातून पू यायचा. घरचे गरम तेल घालायचे. हाक मारली की तो उशिरा वळायचा, आणि फळ्यावर न लिहिता तोंडी सांगितलेलं गणित त्याचं हमखास चुकायचं. त्याला ‘ढ’ म्हणत. पाचवीनंतर तो गुरं वळायला गेला. त्या कानावर वेळेवर उपचार झाले असते तर तो आज या रांगेत बसला असता, असं मला वाटतं. यात गुरुजनांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. मी स्वतः डी.एड. केलं तेव्हा बालमानसशास्त्राचा पेपर होता, पण वाहणारा कान आणि चुकणारं गणित यांचा संबंध असतो हे त्यात कुठं नव्हतं.

आता प्रशिक्षणात मी काय करते ते सांगते. पहिल्या तासाला शिक्षकांना सांगते, वर्गातलं सगळ्यात मागं पडलेलं मूल निवडा आणि त्याच्याबद्दल पाच गोष्टी लिहा. सकाळी काय खाऊन येतं? रात्री कुणाजवळ झोपतं? जन्मताना वजन किती होतं? मोठा आजार झाला होता का? घरी त्याच्याशी कोण बोलतं? गुण सगळ्यांना पाठ असतात. इथं मात्र बरेच कागद कोरे येतात. जन्माचं वजन अंगणवाडी सेविकेच्या नोंदीत सापडतं, म्हणून मी दोघांना एकाच खोलीत बसवते.

मग खुणा. फिकी नखं, माती खाणं, फळ्यावरचं चुकीचं उतरवणं, एकाच बाजूनं मान वळवणं. शिक्षकानं डॉक्टर व्हायचं नाही. खूण ओळखायची आणि पुढं पाठवायचं. त्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आहे. ६ फेब्रुवारी २०१३ ला याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. पण पथकानं दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहते, आणि नगरला जायचं तर बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो. खरी अडचण तिथं आहे.

शिक्षक मला म्हणतात, ‘मॅडम, आधीच कामं कमी आहेत का?’ त्यांचंही खरं आहे. मग मी आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड सांगते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, कित्येक निरक्षर, आणि त्यांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मुलांची वजनं करणं, जुलाबावर घरीच मीठ-साखरेचं पाणी देणं, गरोदर बाईवर लक्ष ठेवणं हे त्या करू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे त्या बायकांना जमलं ते पदवीधर शिक्षकाला जमू नये?

शिक्षणाच्या बाजूनं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं येईनात, तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला.

फक्त खाऊ घालून भागत नाही, हे जमैकात दिसलं. १९८६-८७ मध्ये तिथं खुरटलेल्या १२९ बाळांवर अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जाऊन, घरीच केलेली खेळणी घेऊन, आईला बाळाशी खेळायला आणि बोलायला शिकवत. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं, भेटी न मिळालेल्या खुरटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती.

हे वाचलं तेव्हा मला आपली गोष्ट उलगडली. आपल्याकडं धान्य नव्हतं, पण बोलणारी माणसं होती. आजी होती, जात्यावरची ओवी होती, ओट्यावर कुणी ना कुणी होतं. आज सुप्यात उलटं होत चाललं आहे. एमआयडीसीमुळं बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून आलेली जोडपी एका खोलीत राहतात. आजी गावाकडं, बाप पाळीवर, आई एकटी, आणि दीड वर्षाच्या बाळाच्या हातात मोबाईल. ते मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी तर नाहीच, स्वतःच्या भाषेतही बोलायला ते अडखळतं. आणि पोट भरलंय म्हणावं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे बहात्तर संपलंय असं समजू नका.

तेव्हा आता मागणं. आपल्यातले तिघं-चौघं कंपन्यांना कामगार पुरवतात, दोघांचे वर्कशॉप आहेत. ५० कामगार असले की पाळणाघर द्यावं लागतं, हे २०१७ पासून कायद्यात आहे. तुमच्याकडं तेवढे नसतील, पण दोघांनी मिळून एक खोली, एक बाई आणि थोडी खेळणी एवढं करता येईल. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी महिन्यातून एक फेरी द्यावी. चिठ्ठी मिळालेल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना नगरला न्यायचं, तपासून परत आणायचं. यादी मी देईन.

आणि निवृत्त गुरुजनांना एक विनंती. आठवड्यातली एक सकाळ जवळच्या अंगणवाडीत येऊन बसा. काही शिकवू नका. गोष्ट सांगा, आणि मुलानं काही विचारलं तर त्याला उत्तर द्या. बाईंनी आत्ता मान हलवली, तो मी होकार समजते. सोमवारी साडेनऊला घ्यायला येते.