बॅटरीचा पाहुणचार

श्रोतेहो, अलिबागला चुंबकीय वेधशाळा का आली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालवायचे ठरले. त्या विजेमुळे कुलाब्याच्या नाजूक उपकरणांची मोजमापे बिघडतील अशी भीती होती, म्हणून १९०४ साली ते काम खाडीपलीकडे आमच्या गावी हलवण्यात आले. म्हणजे विजेच्या गाड्यांपासून दूर असलेले गाव म्हणून अलिबागची निवड झाली! आज त्याच अलिबागच्या आळी-आळीतून विजेच्या स्कूटरी निमूटपणे धावत असतात.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. रसायनशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममधल्या शेजारच्या खुर्चीपुरता. तेव्हा बॅटरीवर बोलण्याचा मला अधिकार काय, असं आपण विचाराल. माझा अधिकार एवढाच, की एक बॅटरी मी स्वतःच्या हाताने मारली आहे. शिशाच्या बॅटरीची एक स्वस्तातली स्कूटर मी घेतली होती. उन्हाळ्याच्या सुटीत ती अर्धवट रिकामी तशीच पडवीत ठेवली आणि दीड महिना गावी जाऊन राहिलो. परत आलो तो स्कूटर जागची हलेना. माझे रसायनशास्त्राचे सहकारी म्हणाले, "शिशाच्या पट्ट्यांवर कठीण खडे धरले. तुम्ही तिला उपाशी ठेवलंत." नव्या बॅटरीचे पैसे मोजताना तो धडा पक्का झाला.

बॅटरी म्हणजे पाण्याची घागर नव्हे, की केव्हाही भरावी आणि केव्हाही ओतावी. ती घरी आलेल्या पाहुण्यासारखी असते, आणि प्रत्येक पाहुण्याचे पथ्य निराळे. शिशाच्या बॅटरीला उपास सोसत नाही. वापर झाला की तिला त्याच दिवशी पोटभर वाढावे. लिथियमच्या बॅटरीला सदासर्वदा भरल्या पोटी बसणे मानवत नाही. महिनाभर स्कूटर वापरायची नसेल तर ती निम्म्याच्या आसपास भरून सावलीत ठेवावी. सोबतच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर अर्थात् तेच प्रमाण.

तिसरा पाहुणा आपल्याकडे क्वचित दिसणारा, पण शिकवून जाणारा. तो म्हणजे निकेल-जस्ताची बॅटरी. एडिसनने १९०१ साली तिचे पेटंट घेतले. पुढे आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम या रसायनशास्त्रज्ञाने तिच्यावर चक्क आगगाडी चालवली. डब्लिन ते ब्रे या मार्गावर त्या गाड्या १९३२ पासून १९४९ पर्यंत धावल्या. या बॅटरीत शिसे नाही, आणि आतला द्रव पाण्यात विरघळलेला क्षार असल्यामुळे तो पेट घेत नाही. मग ती घरोघर का पोचली नाही? माझ्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर पेणच्या मिठागरांवरून दिले. कोंड्यातले पाणी आटताना मीठ सगळीकडे सारखे बसत नाही. कुठे थर जाड, कुठे पातळ. बॅटरी वापरताना तिच्यातले जस्त तसेच क्षारात विरघळते, आणि चार्ज करताना परत पट्टीवर बसते. पण जिथून उठले तिथेच बसेल असे नाही. कुठे ढीग साचतो, कुठे सुईसारखी टोके फुटतात. एखादी सुई मधला पडदा भेदून पलीकडे पोचली, की ती पेशी आतल्या आत संपली.

म्हणून या पाहुण्याचे पथ्य असे: जेवण झाले की पानावरून उठवावे. दर पेशीमागे सुमारे १.९ व्होल्ट झाले की चार्जिंग थांबलेच पाहिजे. शिशाच्या बॅटरीचा चार्जर ती भरल्यावरही थोडा थोडा प्रवाह देत राहतो. शिशाला ते चालते, जस्ताला नाही.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. आमच्या शेजारचा एक तरुण पहाटे बंदरावरून मासळीची पेटी स्कूटरवर घालून गावोगाव विकतो. त्याच्या लिथियमच्या बॅटरीचा चार्जर बिघडला, म्हणून त्याने भावाच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर आणला. दोन्हींवर आकडा एकच, ४८ व्होल्ट. मी हटकलं, तर म्हणाला, "सर, पिन तर बसली ना!"

श्रोतेहो, पिन बसली म्हणजे चार्जर बसला असे नव्हे. तेरा पेशींची लिथियमची बॅटरी ५४.६ व्होल्टला भरते. शिशाचा चार्जर ५८ च्या घरात जातो. आतले रक्षक-यंत्र चांगले असेल तर ते प्रवाह तोडील. नसेल किंवा बिघडलेले असेल, तर त्या बॅटरीला आग लागू शकते. तो तरुण ती रात्रभर दाराच्या आतल्या बाजूस लावून ठेवणार होता. घराला दार एकच, आणि आत म्हातारी आई आणि दोन मुलं. आम्ही तो चार्जर भावाकडे परत पाठवला. योग्य चार्जर येईपर्यंत चार दिवस त्याने माझ्या सायकलवरून मासळी विकली. २०२२ साली देशात काही विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले, ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. ती सर्वांना ठाऊक असावी, म्हणून हे भाषण.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी सांभाळाव्यात. कार्लेखिंड चढून आलात की लगेच प्लग लावू नका. बॅटरीला अर्धा तास निवू द्या. चार्जिंग पडवीत, कोरड्या जागी करावे. बाहेर पडायच्या वाटेवर कधीच नव्हे. प्लग भिंतीतल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्येच लावावा. खाऱ्या वाऱ्याने जोडांवर हिरवट-पांढरे पूट चढते. प्रवाह बंद करून ते कोरड्या फडक्याने पुसावे, आणि फार झाले असेल तर जाणत्या कारागिराला दाखवावे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा वादळाची सूचना मिळताच आदल्या दिवशी स्कूटर पूर्ण भरावी आणि प्लग काढून ठेवावा. पुराच्या किंवा भरतीच्या पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र तपासल्यावाचून चार्जरला लावू नये. वरून सुकली तरी आत मीठ राहिलेले असते.

स्कूटरच्या किमतीचा मोठा वाटा बॅटरीत असतो, आणि मासळी विकणाऱ्याचे तर पोटच तिच्यावर. तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा: बॅटरीवरचा आणि चार्जरवरचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. जात आणि आकडा, दोन्ही जुळले तरच प्लग लावा.