एक कोंबडी आणि नुसतं चिकन

इंग्रजीत उपपदं तीनच: ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’. तरी तर्खडकरांची इंग्रजी शिकवणारी भाषांतरमाला घोटलेले आजोबाही तिथेच अडखळायचे आणि इंग्रजी माध्यमातली नातवंडंही तिथेच अडखळतात.

‘अ’ आणि ‘ॲन’ हे मुळात ‘एक’च. जुन्या इंग्रजीतला ‘एक’ या अर्थाचा शब्द झिजून ही उपपदं झाली. म्हणून जे मोजता येत नाही, त्याच्याआधी ‘अ’ लागत नाही. आपल्याकडे ‘एक होता राजा’मधला ‘एक’ साधारण हेच काम करतो. पण आपल्याला तो गाळता येतो. ‘मी डॉक्टर आहे’ म्हटलं की झालं. इंग्रजीत ‘आय ॲम डॉक्टर’ लंगडं पडतं. मोजता येणारं नाम एकवचनात सहसा बोडकं राहत नाही. ‘अ’, ‘द’, ‘माय’, काहीतरी आधी हवंच.

पण मोजता येणारं म्हणजे कोणतं? खरी फसगत इथे आहे. सल्ले, बातम्या, केस आपण खुशाल मोजतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ आणि ‘न्यूज’ अगणनीय. ‘हेअर’चं तर विचारूच नका: डोक्यावरचा सगळा संभार नुसता ‘हेअर’, आमटीत सापडलेला एक केस मात्र ‘अ हेअर’. ‘चिकन’ ताटात, ‘अ चिकन’ पिसांसकट अंगणात. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, ‘ॲन आयर्न’ म्हणजे कपड्यांची इस्त्री. पदार्थवाचक नामाला उपपद लागत नाही, हा शाळेतला नियम म्हणूनच अर्धा आहे. तोच शब्द सुटा नग म्हणून वापरलाय की द्रव्य म्हणून, ते आधी बघायचं.

एका ‘अ’नं अर्थ किती बदलतो, ते बघा. १९६९ साली चंद्रावर पाऊल टाकताना नील आर्मस्ट्राँग बोलले ते असं, की हे एका माणसाचं छोटं पाऊल, पण मानवजातीची मोठी झेप. ध्वनिमुद्रणात ‘मॅन’च्या आधीचा ‘अ’ स्पष्ट ऐकू येत नाही. आपल्याला ‘अ मॅन’च म्हणायचं होतं, असं ते नंतर सांगत. ‘अ’ गेला, की ‘मॅन’ म्हणजे अख्खी मानवजात, आणि मग पाऊलही तिचंच, झेपही तिचीच!

‘द’चं तसं सोपं आहे. तो मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या नामांना चालतो; कोणती वस्तू ते ऐकणाऱ्याला ठाऊक असलं की पुरे.

आता माझ्या बोलण्यानंतर बातम्या लागतील. आपल्याला त्या अनेक. इंग्रजीत मात्र शेवटी ‘एस’ हे अक्षर असूनही ‘द न्यूज इज’, आणि त्यातली एकच सांगायची तर ‘अ न्यूज’ नव्हे, ‘अ पीस ऑफ न्यूज’.