सैनिकाची बायको आणि परका मुलूख



लष्कराविषयीची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकतो. त्यांत तोफा असतात, सेनापती असतात, तह असतात. आज मी ज्या बाईविषयी बोलणार आहे ती त्यांत कुठेच नसते. तिचा नवरा अमेरिकन फौजेत, नेमणूक जर्मनीत, आणि ती मुले नि सामान घेऊन त्याच्यामागून निघालेली. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कुणी विचारील. बिनपगारी राबणाऱ्याची चौकशी आम्ही करायची नाही, तर कुणी करायची?

१९४६ च्या एप्रिलात या कुटुंबांची पहिली बोट ब्रेमरहाफेन बंदराला लागली. लढाई संपून वर्षही झाले नव्हते. शहरे पडलेली, माणसे उपाशी, आणि त्यांच्यात या बाया संसार मांडायला उतरल्या. त्याच ऑक्टोबरात त्यांच्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या. १९५१ साली लंडनला नाटो राष्ट्रांनी फौजांच्या दर्जाचा करार केला, आणि त्यात या कुटुंबाला कायद्याने नाव मिळाले. नाव काय, तर ‘अवलंबित’! जी घर लावते, मोडते, पुन्हा लावते, ती अवलंबित. आणि ज्याचे जेवण तिच्यावर अवलंबून, तो मात्र स्वतंत्र. शब्द कुणाच्या सोयीचे असतात ते पाहा.

आज जर्मनीत सुमारे ३५ हजार अमेरिकन सैनिक आहेत. काइझर्सलाउटर्न आणि रामस्टाइनच्या परिसरात बायकामुले नि मुलकी नोकर धरून पन्नास हजारांच्या आसपास अमेरिकन राहतात. तळाच्या कुंपणाआत अमेरिकन दुकान, अमेरिकन शाळा, डॉलरचा व्यवहार. कॉफी आणि सिगारेटला मात्र रेशनकार्ड. कुंपणाबाहेर घर घेतले की त्याला त्यांच्या बोलीत ‘इकॉनॉमीवर राहणे’ म्हणतात.

या बाहेरच्या घरात खरी परीक्षा. पुष्कळ जर्मन भाड्याच्या घरांत ओटा नसतो, भिंतीतली कपाटे नसतात, छतातून नुसत्या तारा लोंबतात. आधीचा भाडेकरू सगळे उचलून नेतो. विजेचा दाब २३० व्होल्ट, तिची यंत्रे १२० ची. म्हणून जड ट्रान्सफॉर्मर आणावा लागतो. तो दाब उतरवतो, पण विजेची आवर्तने बदलत नाही. अमेरिकेत ती सेकंदाला साठ, इथे पन्नास. जुन्या विजेच्या घड्याळांचे त्यामुळे असे होई की तासाला दहा मिनिटे मागे पडत. रविवारी दुकाने बंद, दुपारी कुठे कुठे शांततेची वेळ, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत. शेजारीण येऊन तुमची बाटली चुकीच्या डब्यात पडली असे सांगते, आणि या बाईला जर्मन येत नाही! गंमत वाटते ऐकायला; पण नवरा महिनोन् महिने सरावावर किंवा मोहिमेवर असताना हे सारे तिने एकटीने निभवायचे असते.

आता पैशाकडे वळू, कारण तिथे पोटाला चिमटा बसतो. १९६१ पर्यंत डॉलरला ४.२० मार्क मिळत. समजा, घरभाडे चारशे मार्क. म्हणजे पंचाण्णव डॉलर. १९७१ नंतर डॉलर घसरत गेला आणि १९७८ च्या शरदात दोन मार्कांच्याही खाली आला. तेच भाडे दोनशे डॉलरांवर गेले. पगार डॉलरात, दूध मार्कात. त्यात त्या दशकात खालच्या हुद्द्याच्या तरुण सैनिकाला कुटुंब नेण्याचा सरकारी खर्च मिळत नसे. बायको पदरमोड करून येई आणि माळ्यावरच्या थंड खोलीत राही. आज घरभाड्याचा भत्ता आहे, महागाईचा भत्ता चलनाच्या दराबरोबर बदलतो.

मग संघटना का केली नाही, हा आमचा नेहमीचा प्रश्न. अमेरिकन सरकारी नोकरांच्या एका मोठ्या संघाने १९७६ साली सैनिकांना सभासद करून घेण्याची वाट घटनेत मोकळी केली. १९७७ च्या मतदानात त्याच्याच सभासदांनी ती बंद केली, आणि १९७८ साली, डॉलर तळाला गेला त्याच वर्षी, सैनिकांच्या युनियनला बंदी करणारा कायदा झाला. तळावर काम करणाऱ्या जर्मन कामगारांना मात्र १९६६ पासून सामुदायिक वेतनकरार आहे. एकाच दुकानात जर्मन गल्लेवालीमागे करार उभा, आणि शेजारच्या अमेरिकन बाईची नोकरी नवऱ्याच्या बदलीच्या हुकुमाबरोबर संपणारी.

बाकीची नोकरी मिळणेही सोपे नाही. परिचारिकेचा अमेरिकन परवाना जर्मन इस्पितळात आपोआप चालत नाही. २०२१ च्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या पाहणीत सैनिकांच्या जोडीदारांतील बेकारी एकवीस टक्के निघाली. पूर्वी तर नोकरी मिळालेल्या अधिकाऱ्याच्या बायकोलाच ती सोडायला सुचवीत. तिने क्लबात, समारंभात, मदतकार्यात फुकट राबावे, नाही तर नवऱ्याच्या बढतीवर परिणाम होईल, असा दबाव असे. बायकांनी तक्रारी केल्या. १९८८ साली खात्याला आदेश काढावा लागला की जोडीदाराने नोकरी करावी की सेवाकार्य, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावरून सैनिकाची किंमत करायची नाही. युनियन नसताना बायकांनी पदरात पाडून घेतलेली ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

जर्मनीतली कुटुंबासहची मुदत साधारण तीन वर्षांची. भाषा जिभेवर बसते, शेजारीण केक घेऊन येऊ लागते, मुलगा गावच्या संघात फुटबॉल खेळू लागतो, आणि हुकूम येतो. मग सामानवाले येतात, घरातला शेवटचा दिवादेखील उतरतो. ट्रान्सफॉर्मर मात्र पुष्कळदा तिथेच राहतात. नव्याने आलेल्या एखाद्या बाईला ते अर्ध्या किमतीत विकलेले असतात.