मेलेला उंदीर आणि पाचशे रुपये
(वर्षावासात विहारातील अभ्यासिकेच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. साळखात्यात साचे चालवले. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, याच विहाराच्या कपाटातले. मग हा माणूस धंद्यावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण जो बुडाला त्यालाच पाण्याची खोली ठाऊक, म्हणून उभे राहिलो.

२००३ साली आमची मिल बंद झाली. हाती आलेल्या पैशातून चाळीच्या कोपऱ्यावर वह्या-पेनांचे दुकान टाकले. चौदा महिन्यांत कुलूप लागले. का? उधारी दिली, पण लिहून ठेवली नाही. गल्ल्यातून घरखर्च काढला, तो मोजला नाही. दोन दुकाने आधीच असताना तिसरे तसलेच उघडले. वर पाच वर्षे गिऱ्हाइकांना शिव्या दिल्या आणि पुन्हा दुसऱ्या गिरणीत साच्यावर उभे राहिलो.

पुढे चुल्लसेट्ठी जातक वाचले. रस्त्यात मेलेला उंदीर पडलेला असतो. एक सेट्ठी जाताजाता म्हणतो की, अक्कल असेल तर एवढ्यावरही धंदा उभा राहील. एक गरीब तरुण ते ऐकतो. उंदीर मांजरासाठी विकतो, आलेल्या पैशाचा गूळ घेतो आणि रानातून फुले आणणाऱ्या दमलेल्या लोकांना गूळ-पाणी देतो. ते मूठभर फुले देतात, तीच पुढची पुंजी. वादळात राजाच्या बागेत फांद्या पडतात. हा म्हणतो, लाकूड मला द्या, बाग साफ करतो. खेळणाऱ्या पोरांना गूळ देऊन काम उरकतो आणि लाकूड कुंभाराला विकतो. यात चमत्कार कुठे आहे? कोणाला तहान लागली, कोणाला कचरा नको झाला, एवढे त्याने पाहिले. यालाच सृजनशीलता म्हणायचे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी कमाईचे चार भाग सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा अडीअडचणीला. आम्ही हे वाचले, पण दुकान बुडाल्यावर!

कोणी म्हणेल, जात आडवी येते. येतेच. बाबासाहेबांनी बडोद्याहून परतल्यावर मुंबईत शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला होता. ते अस्पृश्य आहेत हे कळताच गिऱ्हाईक तुटले. म्हणून धंदा करा याचा अर्थ राखीव जागांचा हक्क सोडा, असा कोणी लावू नये. तो हक्क लढून घेतला आहे, लढूनच टिकवायचा. पण एका जागेसाठी शेकडो अर्ज पडत असताना पदवी घेऊन नुसते वाट बघत बसणे हाही मार्ग नव्हे.

एक कबुली देतो. गेल्या वर्षी आमच्या धाकट्याने टी-शर्टवर छपाई करायची म्हटले. आम्ही खेकसलो, "आधी नोकरी बघ!" बुडालो आम्ही आणि भीती घातली त्याला. तो मागे बसला आहे. त्याच्यासमोर चूक मान्य करतो.

बघा, १४ एप्रिलला निळे झेंडे, बिल्ले, टोप्या आपण विकत घेतो. त्या शिवतो कोण, छापतो कोण? कधी विचारले?

तेव्हा आमची सूचना अशी. चार-चार जणांचे गट करा, मुलीही हव्यात. वस्तीतल्या दहा अडचणी लिहा. त्यातली एक निवडा. दहा घरी जाऊन विचारा, हे काम केले तर किती पैसे द्याल? मग पाचशे रुपयांत महिनाभर करून पाहा. रोजचा हिशोब वहीत मांडा आणि महिनाअखेरीस तो विहारात वाचा, तोटा झाला असला तरी वाचा. दारू, विष, शस्त्रे यांचा व्यापार मात्र आपला नव्हे, सम्यक आजीविका ती सम्यक आजीविका. पुढे भांडवल लागले तर १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, बँका आहेत. पण आधी वही, मग कर्ज.

पहिल्या चार गटांचे पाचशे-पाचशे रुपये आम्ही देतो. नफा झाला तर परत करा, म्हणजे पुढच्या गटाला देता येतील. तोटा झाला तर वही दाखवा, पैसे फिटले असे समजू.