वास्तूचा जमाखर्च



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला आठवीत जमाखर्च शिकविला. रोजकीर्द लिहिताना त्यांचा एक दंडक होता. रक्कम लहान आहे म्हणून ती गाळावयाची नाही आणि ती आज द्यावयाची नाही म्हणूनही गाळावयाची नाही. मी पुढे मराठीकडे वळलो, आकड्यांशी माझा संबंध पगारपत्रकापुरता उरला. तेव्हा या व्यासपीठावरून मी सिमेंट, पोलाद आणि कोळसा यांविषयी बोलणार हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मलाही वाटते.

त्याचे कारण असे. दोन वर्षांपूर्वी शाळेची जुनी कौलारू इमारत आणि मागची स्लॅबची इमारत अशा दोन्ही पाडून तीन मजली नवी वास्तू उभारावी, असा ठराव झाला. इमारत-समितीत माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मी होतो आणि ठरावाच्या बाजूने मी हात वर केला होता, हे प्रथमच सांगून टाकतो. पुढे आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने, जी वास्तुविशारद आहे, समितीला एक पानाचे पत्र लिहिले. नव्या वास्तूचे ‘होल लाइफ कार्बन असेसमेंट’ केले आहे काय, एवढाच तिचा प्रश्न होता. समितीत कुणालाच त्याचा अर्थ नीट लागेना, तेव्हा ‘भाषेचा प्रश्न आहे’ म्हणून तो कागद माझ्याकडे आला!

इमारत घडविताना, वापरताना, दुरुस्त करताना आणि अखेर पाडताना हवेत जो कार्बन डायऑक्साइड व त्याच्या जातीचे इतर तापवायू जातात, त्या सर्वांचा एकत्र हिशेब म्हणजे हे मूल्यमापन. २०११ साली युरोपात १५९७८ क्रमांकाचे मानक निघाले आणि त्याने या हिशेबाची खाती पाडून दिली. ‘ए’ खात्यात कच्चा माल, कारखाना, वाहतूक व प्रत्यक्ष बांधकाम. ‘बी’ खात्यात वापर, देखभाल, दुरुस्ती, बदल, वीज आणि पाणी. ‘सी’ खात्यात पाडकाम आणि राडारोड्याची विल्हेवाट. ‘डी’ हे चौथे खाते वेगळे ठेवावयाचे असते, कारण त्यात पुढे कुणी तुळई किंवा दगड पुन्हा वापरला तर होणारा संभाव्य लाभ येतो, आणि संभाव्य लाभ रोख जमेत मिसळला की हिशेब बिघडतो. सरांनी हा नियम आनंदाने मान्य केला असता. ब्रिटनमधील रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स या संस्थेने २०१७ मध्ये या कामाची नियमावली काढली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली; इमारतीचे आयुष्य साधारणपणे ६० वर्षे धरावे असा तिचा संकेत आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये मोठ्या नव्या इमारतींवर दर चौरस मीटरला वर्षाकाठी १२ किलोची कायदेशीर मर्यादाच घातली. आपल्याकडे शाळेच्या इमारतीसाठी असा हिशेब कुणी मागत नाही. म्हणून तो करू नये असे मात्र नाही.

आता शब्दांविषयी थोडे, कारण ती माझी सवय आहे. बांधकाम-साहित्याच्या निर्मितीत आधीच खर्ची पडलेल्या कार्बनला मराठीत काय म्हणावे? ‘निहित’ म्हटले तर वाटते की तो भिंतीत दडून बसला आहे. ‘अंगभूत’ म्हटले तरी तीच अडचण. वस्तुतः तो भिंतीत नसतोच, तो केव्हाच हवेत गेलेला असतो. भिंत ही त्याची केवळ पावती होय. मी हे आमच्या गवंड्याला समजावीत होतो. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हंजे भिंतीनं खाल्लेला कोळसा की हो, सर.” यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही. टिपणात आम्ही ‘अंगभूत’ लिहिले, पण समितीत बोलताना सगळे ‘खाल्लेला कोळसा’च म्हणतात.

अर्थात सिमेंटने केवळ कोळसाच खाल्लेला नसतो. शुद्ध चुनखडीचे १०० किलो दगड भट्टीत पूर्ण भाजले की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. भट्टी कोळशावर पेटवा नाहीतर सूर्याच्या उष्णतेवर पेटवा, हे ४४ किलो चुकत नाहीत, कारण ते दगडाच्या घडणीतच आहेत. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातील निम्म्याहून अधिक भाग हा असा दगडातून सुटलेला असतो. म्हणूनच औष्णिक विद्युत केंद्रातील राख किंवा पोलादाच्या भट्टीतील मळी मिसळलेले सिमेंट हिशेबात हलके पडते. त्यात भाजलेला दगड कमी. आपल्या जुन्या भिंतीतील घाणीवर मळलेला चुना ही आणखी गमतीची गोष्ट. तो घट्ट होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून पुन्हा दगड बनतो. भट्टीच्या लाकडाचा धूर तो परत घेत नाही, पण दगडाने सोडलेले बहुतांशी घेतो. जांभ्याचा चिरा तर भाजावाच लागत नाही, खाणीतून तोडला की काम झाले.

प्रत्यक्ष हिशेबाला आम्ही नववीच्या मुलामुलींना घेऊन बसलो. टेप घेऊन त्यांनी सगळी इमारत मोजली. नव्या वास्तूसाठी कंत्राटदाराचे अंदाजपत्रक हाती होतेच. बांधकाम १५,००० चौरस फूट, सिमेंट ६,००० पोती म्हणजे ३०० टन आणि सळया ६० टन. भारतीय बांधकाम-साहित्याची कोष्टके इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने २०१७ साली काढलेली आहेत, ती आमच्या माजी विद्यार्थिनीने पाठविली. राखमिश्रित सिमेंट किलोला सुमारे ०.७ किलो आणि पोलाद किलोला सुमारे अडीच किलो धरले. सिमेंटचे २१० टन झाले, पोलादाचे १५०. भाजलेल्या विटा, फरशी, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या व वाहतूक मिळून बेरीज ४५० टनांपर्यंत गेली. शाळेची पहिली घंटा होण्यापूर्वीचा हा खर्च.

नवी वास्तू वीज वाचवील, असा युक्तिवाद समितीत झाला होता. मीच तो केला होता. मुलांनी विजेची देयके काढली. वर्षाला सुमारे १२,००० युनिट. आपल्या देशात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे वर्षाला साधारण ८.४ टन. नव्या बांधकामाचे ४५० टन म्हणजे शाळेची ५३ वर्षांची वीज! नव्या वास्तूत वीज चौथाईने कमी लागेल असे मान्य केले तरी वर्षाला २.१ टन वाचतात. या गतीने ४५० टन फिटावयास दोनशे वर्षांहून अधिक काळ लागेल. त्यातही वीज वर्षागणिक स्वच्छ होत जाणार, म्हणजे वाचलेल्या युनिटाची किंमत घटत जाणार. थंड देशांत घरे तापवावी लागतात, तेथे वापराचे खाते मोठे असते. पंख्यावर चालणाऱ्या शाळेचे तसे नाही, आणि त्यांचे निष्कर्ष आपण जसेच्या तसे उचलले तर फसतो.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. जुन्या छपरातील सागवानी तुळया-वाशांनी झाडे असताना हवेतून घेतलेला कार्बन मी जुन्या इमारतीच्या जमेस धरला आणि मोठ्या उत्साहाने आकडा फुगविला. नववीतील एका मुलीने विचारले, “सर, पण हे लाकूड शेवटी कुजलं किंवा जळलं तर?” बरोबर होते तिचे. जे ‘ए’ खात्यात वजा केले ते ‘सी’ खात्यात परत मिळवावेच लागते. मी उत्पन्न लिहिले होते, देणे गाळले होते. आठवीचा जमाखर्च मी विसरलो होतो. दुसरी चूक माजी विद्यार्थिनीने दाखविली. नवी वास्तू १५,००० चौरस फुटांची आणि जुनी कौलारू इमारत ९,००० फुटांची, ही तुलनाच खोटी. शाळेला जेवढे वर्ग हवेत तेवढे देणाऱ्या दोन योजना समोरासमोर ठेवल्या पाहिजेत.

मग दुसरी योजना आम्ही अशी मांडली. मागची इमारत पाडावीच लागेल. तिच्या सळया गंजल्या आहेत, स्लॅबचे पोपडे सुटतात, आणि अभियंत्याने हातोडा मारून दाखविला तेव्हा ‘जतन’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मुलांच्या डोक्यावर काय पडेल यापुढे कार्बनचा हिशेब दुय्यम आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु त्याच अभियंत्याने पुढच्या इमारतीच्या जांभ्याच्या भिंती भक्कम ठरविल्या. वाळवी लागलेल्या तुळया बदलणे, भिंतींना माथ्यावर पट्टा बांधणे, कौले उतरवून पुन्हा चढविणे यांना सुमारे ४० टन. मागे ६,००० फुटांची नवी इमारत, तिला १८० टन. एकूण २२०. म्हणजे निम्म्याहून कमी.

आता दुसरी बाजू. कौलांची शाकारणी दर पावसाळ्यापूर्वी आली, लाकडाला वाळवीचे औषध आले, गळती आली. ६० वर्षांच्या देखभालीत जुनी इमारत नव्या वास्तूपेक्षा अधिक खाते. ते धरल्यावर दोन योजनांतील २३० टनांचा फरक सुमारे १७० टनांवर आला. शिवाय शाकारणी करणारी माणसे आता मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्यापाशी कोष्टकातले उत्तर नाही.

दुसरी एक अडचण कोणत्याच खात्यात मावत नाही. नव्या वास्तूला देणगीदार मिळतात, कारण तिच्या दारावर कोनशिला बसते. तुळई बदलण्यासाठी देणगी देणाऱ्याचे नाव कोठे कोरावयाचे? माझ्या वर्गबंधूंपैकी दोघांनी मला स्पष्ट सांगितले की डागडुजीला ते पैसे देणार नाहीत. ते कृपण नाहीत. आपल्या शाळेला काही भव्य द्यावे ही त्यांची इच्छा निर्मळ आहे, आणि तिला हसणे मला जमणार नाही. ज्या वर्गात आम्ही तिघे एका बाकावर बसलो, तो वर्गही त्यांच्याच ठरावाने जाणार आहे, एवढे मात्र मी त्यांना सांगितले. त्यांनी उत्तर दिले नाही.

समितीची बैठक पुढील महिन्यात आहे. मी माझे पहिले मत मागे घेत आहे, हे तेथे लेखी देणार आहे. येथे ते आधी सांगितले, कारण ठरावाच्या दिवशी या सभागृहातील अनेकांनी माझ्यावर विश्वासून हात वर केले होते. दोन्ही योजनांची कोष्टके ग्रंथालयात ठेविली आहेत. कोणता आकडा पावतीवरून घेतला व कोणता अदमासे, हे मुलांनी निराळ्या शाईने लिहिले आहे. जुन्या इमारतीचा पाया किती खोल आहे हे मात्र आम्हाला कळलेले नाही. तेवढी एक रकाना कोरी आहे. आपणांपैकी कुणाच्या आजोबांनी वा वडिलांनी त्या बांधकामावर गवंडी, सुतार, कारकून म्हणून काम केले असेल आणि एखादी वही, नकाशा, चुन्याच्या गाडीची पावती घरी असेल, तर ती बैठकीपूर्वी ग्रंथपालांकडे आणून द्यावी. नक्कल करून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल.